गाणे आता गावकीचे नव्हे

उपासक-उपासिकांनो, पूर्वी गावकीचे काम म्हणून आपल्याला वाजवावे लागे; त्यात मान नव्हता. आता वाद्य स्वेच्छेने हाती घ्या. आपल्याच नाशिक जिल्ह्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) प्रौढपणी अक्षरे शिकले आणि लोककवी झाले. त्यांच्या पाठीशी विद्यापीठ नव्हते, गाणारा समाज होता. वस्तीच्या गायनमंडळात श्रमलेले मन हलके होते, एकटा दुःखी माणूस दहांत मिसळतो आणि आज दुसऱ्याचे गीत गाणारा उद्या स्वतःचे रचतो. संघ स्थापण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या कलमाने दिला आहे. तो कागदावरच ठेवू नका. विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. भगिनींना केवळ श्रोत्यांत नव्हे, पेटीवरही बसवा. जय भीम!