तळहातातून जाणारे कण

आत्ता मलकापुरात तुम्ही तळहात पसरलात, तर त्यातून दर सेकंदाला म्युऑन नावाचा साधारण एक सूक्ष्म कण आरपार जातो. अवकाशातून भरधाव आलेले प्रोटॉन हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळतात. त्या टकरींच्या ऊर्जेतून पायॉन नावाचे कण जन्मतात आणि पायॉनांच्या विघटनातून म्युऑन.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत अशा टकरी मुद्दाम घडवतात. तिथल्या महाकाय त्वरकात २०१०पासून शिशाची अणुकेंद्रे एकमेकांवर आदळवली जातात. प्रत्येकात ८२ प्रोटॉन, बहुधा १२६ न्यूट्रॉन. समोरासमोरच्या एकाच टकरीतून हजारो कण उसळतात. क्षणभर सूर्याच्या गाभ्याच्या लाखपट तापमान होते आणि प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या आत बांधलेले क्वार्क-ग्लुऑन हे कण मोकळे होतात. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत विश्व असेच होते. तिथल्या ‘ॲलिस’ प्रयोगात मुंबईच्या आयआयटीचे संशोधकही आहेत. बाहेर पडलेले कण मोजून ते त्या अवस्थेचा माग काढतात.