न कळलेला चावा

कोकणात पावसाळी सहलीला जाऊन आलेल्या माणसाला ‘काय काय चावलं?’ असं विचारू नये. तो तासभर बोलत बसतो. मी थोडक्यात सांगतो, कारण मला सर्वांत महाग पडलेला चावा मला कळलाच नव्हता.

२०१९चा ऑगस्ट. मी इचलकरंजीचा, घर मागवाल्यांचं. सावंतवाडीजवळ एका मित्राची काजूची बाग आहे. कविता वाचायच्या, भाकरी-कालवण खायचं, एवढ्याच बेतानं आम्ही दोघं नवरा-बायको तिथं गेलो. दुसऱ्याच दिवशी बागेत एका फांदीवर पानं एकमेकांना शिवल्यासारखी दिसली. मी हात पुढं केला, तेवढ्यात बागेतला मुलगा ओरडला, “काका, हात लावू नकात हां!” पण उशीर झाला होता. लाल मुंग्या कोपरापर्यंत चढल्या. ही ओंबील. चावते आणि त्यावर आम्ल सोडते, म्हणून आग आग होते. बस्तरकडं हिचीच चटणी करतात म्हणे, त्या लोकांना माझा सलाम!

आग शमल्यावर मी लांबून बघत बसलो. काही मुंग्या दोन पानांच्या कडा ओढून धरतात. दुसऱ्या आपल्या अळ्या तोंडात धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो आणि पानं जोडली जातात. वडिलांच्या मागावरचा धोटा असाच इकडून तिकडं जायचा. आमच्या जातभाईंनीच मला चावलं, असं म्हणून मी हसलो.

रात्री आंबोलीला बेडूक पाहायला गेलो. विजेरीच्या उजेडात पाण्यावर झुकलेल्या फांदीला हिरवागार उडता बेडूक बसलेला, बोटांमधले पडदे लालभडक. परतताना पायाला जळू लागलेली. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळं ती सुटली तरी रक्त बराच वेळ वाहत राहतं. पायमोजा लाल झाला, बाकी काही नाही. मधे कुठं तरी मी ओल्या गवतात बैठक मारून चहाही प्यालो होतो. ती बैठक नडली.

घरी आल्यावर दहाव्या दिवशी ताप भरला. डोकं फुटायची वेळ. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. तापाच्या सहाव्या दिवशी जिना चढताना धाप लागली आणि मला दवाखान्यात ठेवलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काका, अंगावर कुठं खपली, डाग?” मी म्हटलं, “नाही.” खोटं बोललो. जांघेत एक काळी खपली होती, विडीचा चटका बसावा तशी, भोवती लाल कडा. दुखत नव्हती, खाजत नव्हती. मुलीच्या वयाच्या बाईंना ती जागा कशी दाखवायची?

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, “गेल्या दोन-तीन आठवड्यांत रानात, गवतात गेला होता?” मी काही बोलण्याआधी पत्नीनंच आंबोली सांगितली. आणि मला म्हणाली, “मुशायऱ्यात काळीज उघडं करता आणि इथं तोंड शिवून बसता?” बाईंनी पडद्याआड एका पुरुष परिचारकाला पाठवलं. तो मिनिटभरात बाहेर येऊन म्हणाला, “आहे.”

आजाराचं नाव स्क्रब टायफस. गवतात राहणाऱ्या एका सूक्ष्म कोळीवर्गीय जिवाचं पिल्लू कपड्यात शिरतं आणि कमरेला, जांघेत, काखेत, जिथं कपडा घट्ट बसतो तिथं चिकटतं. ते रक्त पीत नाही. लाळेनं कातडीचा कण विरघळवून शोषतं आणि त्यातूनच जंतू सोडून जातं. जंतूच्या नावात ‘मुशी’ हा जपानी शब्द आहे, अर्थ किडा. उपचाराला उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांवर बेततं. औषध मात्र साधं, जुनं : डॉक्सिसायक्लिन. रक्ताचा अहवाल यायच्या आतच बाईंनी ते सुरू केलं. दुसऱ्या दिवशी रात्री घाम फुटून ताप उतरला. नंतर त्या एवढंच म्हणाल्या, “काका, दोन दिवस आधी बोलला असता तर ऑक्सिजन लागला नसता.”

त्यानंतर मी तीनदा सावंतवाडीला गेलो. आता विजार मोज्यात खोचतो, गवतात बसायचं तर खाली जाड ताडपत्री टाकतो. परतलो की आधी साबणानं अंघोळ, आणि अंगावरचे कपडे थेट गरम पाण्यात. जांघेत अजून वाटाण्याएवढा डाग आहे. ओंबिलीवर माझ्या दोन कविता झाल्या. या तिसऱ्यावर अजून एकही जमलेली नाही.