माळवद गेलं, पत्रा आला

आजचा विषय छताचा. थंड देशांत लोक पोटमाळ्यावर ग्लासवूल अंथरतात, घरातली ऊब वरून निसटू नये म्हणून. आपल्या वाशीत गणित उलटं. उष्णता वरून खाली येते, आणि मध्ये असतो जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचा पत्रा. घरून काम करताना एप्रिलमध्ये दुपारी दोनला माझा लॅपटॉप माझ्याआधी धापा टाकायला लागतो.

आजी म्हणते, "माळवदात असं नव्हतं रे." खरंय तिचं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती. दुपारचं ऊन मातीतून खाली झिरपेपर्यंत रात्र व्हायची. आमच्या भाषेत सांगायचं तर जबरदस्त बफर!

पण त्या बफरचं वजन किती? दहा बाय दहाची खोली आणि दीड फूट माती धरा. सात टनांच्या आसपास जातं. पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, म्हणजे ओझं वाढतच जायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात हेच ओझं, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींसकट, झोपलेल्या माणसांवर आलं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आमच्या घरावरची माती त्यानंतरच उतरवली. म्हणून "पुन्हा माळवद घाला" असं कुणी म्हटलं, की मला ते पटत नाही. छत हलकंच हवं. तापणार नाही एवढं बघायचं.

आता गंमत ऐका. नवा चकचकीत पत्रा बरंचसं ऊन परतवतो, तरी भाजतो. का? कारण चकचकीत धातू आत शिरलेली उष्णता सहजी बाहेर सोडत नाही. पांढरा रंग दोन्ही करतो, ऊनही परतवतो आणि उष्णताही सोडतो. म्हणून वरून पांढरा रंग. नुसता चुना पत्र्यावर टिकत नाही, पावसात धुऊन जातो. पत्र्याला धरणारा, बाहेरच्या कामाचाच रंग घ्या.

आणि धातूचा तोच दुर्गुण खालच्या बाजूला कामी येतो. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून ॲल्युमिनियम फॉइलचं अस्तर लावलं, की ते उष्णता खाली फेकत नाही. पोकळीला दोन्ही टोकांना जाळी ठेवा, गरम हवा निघून जाते. नुसता थर्माकोल मात्र उघडा लावू नका, चुलीच्या खोलीत तर नाहीच. पेटतो, आणि धूर घातक असतो.

स्लॅबवाल्यांनो, तुम्हाला वरूनच उपाय करायचा. खाली पीओपी करून स्लॅब तापायचा राहत नाही. तो दुपारी तापतो आणि रात्रभर ओकत बसतो. पत्रा निदान दिवस मावळला की लवकर निवतो.

पैसे कमी असतील तर म्हातारी माणसं दुपारी जिथं पडतात, ती खोली आधी घ्या. आणि रंगाचं काम होळीच्या आत, सकाळी उरका. वैशाखात पत्र्यावर मांजरसुद्धा चढत नाही.