दुसऱ्याच्या हातचे विमान
(कन्हान येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बाजारात माठ घेताना आपल्या घरची वडीलधारी माणसे काय करतात, ते तुम्ही पाहिले असेल. माठ उचलून त्यावर टिचकी मारतात. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का. बद्द आला तर कुठेतरी चीर आहे, मग रंग कितीही सुंदर असो. विमानही असेच वाजवून घ्यावे लागते, असे सांगितले तर तुम्हांस नवल वाटेल.

विमान म्हटले की प्रचंड कारखाना डोळ्यांसमोर येतो. परंतु घरी विमान बांधणारी माणसेही आहेत. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडले गेले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली.

अमेरिकेत ही हौस फार मोठी आहे. तेथील बर्ट रुटान यांचे ‘व्हॅरिईझी’ १९७५ मध्ये आणि ‘लाँग-ईझी’ १९७९ मध्ये उडाले. त्यांची रीत सोपी होती. फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचतंतूंचे कापड अंथरायचे आणि इपॉक्सी नावाच्या राळेने भिजवायचे. वाळल्यावर कवच कठीण होते आणि भार तेच पेलते. रुटान यांनी १९८५ मध्ये नकाशे विकणे थांबविले. त्यामुळे त्या काळची कित्येक विमाने आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आहेत.

असे जुने विमान घेणाऱ्याने काय पाहावे? नाण्याने किंवा लहान हातोडीने पृष्ठभाग हळूहळू वाजवावा. थर सुटले असतील तेथे आवाज बद्द येतो. पंख जेथे धडाला जोडले आहेत आणि चाकांचे पाय जेथे बसविले आहेत, तेथे बारीक तडे शोधावेत. रंग पांढरा आहे ना, हे पाहावे. गडद रंग ऊन शोषतो आणि फार तापल्यास राळ मऊ पडते. आपल्या मे महिन्याच्या उन्हात हे वेगळे सांगायला नको. टाकी गळत नाही ना, याची खात्री करावी, कारण पंखातील काही प्रकारचा फोम पेट्रोलने विरघळतो. विमानाचे वजन पुन्हा करावे. इंजिन वेगळे तपासावे. आणि ही तपासणी विकणाऱ्याच्या मित्राकडून नव्हे, तर त्याच जातीच्या विमानाची माहिती असलेल्या तिऱ्हाईत जाणकाराकडून करवून घ्यावी.

मात्र टिचकीलाही मर्यादा आहे. दोन थर चिकटलेले असूनही जोड कच्चा असेल, तर तो आवाजात कळत नाही. तेथे बांधणाऱ्याची वहीच साक्ष देते. कोणत्या दिवशी कोणता थर लावला, कुठे चूक झाली, ती कशी दुरुस्त केली, हे तिच्यात असते. अमेरिकेत बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा दाखला मिळू शकतो. पण विमान विकले की तो दाखला नव्या मालकाकडे जात नाही. ज्ञान विमानाबरोबर विकत मिळत नाही.

याची किंमत एका नामवंताला प्राण देऊन मोजावी लागली. गायक जॉन डेन्व्हर यांनी दुसऱ्याने बांधलेले लाँग-ईझी विकत घेतले होते. इंधनाची टाकी बदलण्याची कळ नकाशाप्रमाणे वैमानिकाच्या पुढ्यात असावयास हवी होती. बांधणाऱ्याने ती त्याच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती. ती घट्ट फिरत होती, हे उड्डाणापूर्वी ठाऊक होते. पकड लावून फिरविण्याचा प्रयत्नही झाला. इंधन दाखविणाऱ्या नळ्यांवर खुणा नव्हत्या. तरीही १२ ऑक्टोबर १९९७ रोजी जास्तीचे इंधन न भरता ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून उडाले. टाकी बदलण्यासाठी मागे वळताना विमानावरचा ताबा सुटला आणि ते समुद्रात कोसळले, असा निष्कर्ष तपासात निघाला. वय अवघे ५३ होते. पंख मजबूत होते. घात केला तो एका गैरसोयीच्या कळीने आणि “आज चालवून घेऊ” या विचाराने.

विद्यार्थी मित्रांनो, “चालवून घेऊ” हे शब्द आपल्याही तोंडी असतात. गणिताचे उदाहरण समजले नाही, चालवून घेऊ. प्रयोगाची वही मित्राची उतरवून काढली, चालवून घेऊ. त्या वहीवर उद्या कोणाचा तरी जीव विसंबणार आहे, असे समजून ती लिहा. चूक झाली तर खोडरबराने पुसू नका. एक रेघ मारा आणि शेजारी बरोबर लिहा. चांगला कारागीर असेच करतो.

पालकांना माझी एक विनंती आहे. हे काम दूरदेशीचे समजू नका. नागपुरात मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या देखभालीचे केंद्र आहे. बोइंग ७८७ च्या मजल्याखालील तुळया येथेच टाटांच्या कारखान्यात तयार झाल्या, आणि त्याही अशाच तंतू व राळेच्या पदार्थाच्या. विमान देखभाल अभियंता होण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. तेव्हा दहावीनंतर “हिला गणित कशाला?” असे म्हणून मुलीचा रस्ता बंद करू नका. मुलगा हाताने काही जोडत-मोडत असेल तर त्याच्यावर रागावू नका. एवढेच विचारा, “बाळ, काय केलेस ते वहीत लिहिलेस का?”

माठाला चीर असली तर फक्त पाणी सांडते. काही कामांत मात्र चिरेची भरपाई होत नाही. आपली मुले टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारी निघोत, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.