दारातला मोह

 आम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या बचत गटाच्या बाया. आज आम्ही बोलणार आहोत ते घराच्या वाडीत मोहाचं झाड कसं लावायचं याबद्दल. तुम्ही म्हणाल, मोह काय लावायचा असतो का? तो तर जंगलात आपोआप येतो. आम्हीही असंच म्हणत होतो.

सुरुवात झाली ती आमच्या मासिक बैठकीतून. गटातल्या एका वहिनींचं नवं घर झालं. मागे वाडी मोठी, जवळजवळ अर्धा एकर मोकळी. त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. मोठं घर आणि शेजारी सरळ उंच चीडाचं झाड. म्हणाल्या, "ताई, असं काहीतरी उंच लावायचं मनात आहे." चीड, देवदार ही हिमालयाच्या डोंगरातली झाडं. आपल्या उन्हाळ्यात ती तग धरत नाहीत. तेव्हा गटातल्या सर्वांत मोठ्या आजी म्हणाल्या, "उंच झाड पाहिजे ना? मग मोह लाव. पन्नास-साठ फूट जाते, सावली देते अन् दरसाल फूलही देते."

आजींच्या बोलण्यावर बैठक दोन तास चालली. कारण आमच्यातल्या पुष्कळ बाया मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला जंगलात जातात. फूल पहाटे गळतं, म्हणून चारला निघावं लागतं. अंधारात वाघाची भीती, अस्वलाची भीती. अस्वलालाही मोह आवडतो, हे तुम्हांला माहीतच आहे. एक मैत्रीण म्हणाली, "माझी मुलगी मला एकटी जाऊ देत नाही, अन् तिला सोबत न्यावं तर शाळा बुडते." वाडीत किंवा धुऱ्यावर मोह असेल, तर ही पहाटेची वाट वाचेल, हे सगळ्यांनाच पटलं.

पण एक काकू गप्प बसल्या होत्या. शेवटी त्या बोलल्या. "दारूनं माझं घर गेलं. आपण गटानं गावातल्या भट्ट्या बंद केल्या, अन् आता मोहाची झाडं लावायची?" सगळ्या चूप झाल्या. आपल्या जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, आणि ती आणण्यासाठी इथल्या बाया किती झगडल्या, हे आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. काकूंचा प्रश्न खोटा नव्हता. आम्ही त्या दिवशी उत्तर दिलं नाही. "पुढच्या बैठकीत बोलू," एवढंच ठरलं.

पुढच्या बैठकीत आम्ही मोहाचं काय काय होतं, ते एकेकीला सांगायला लावलं. वाळवलेल्या फुलांचे तीळ घालून लाडू होतात. फूल भाजून, कुटून भाकरीत घालतात. बैलांना चारतात. टोळीचं तेल निघतं. आजींच्या लहानपणी त्याच तेलात भाजी होई आणि त्याचाच दिवा लागे. पानांच्या पत्रावळी होतात. दारू हा त्यातला एकच वापर. आम्ही ठराव लिहिला, की गटाच्या झाडांचं फूल भट्टीवाल्याला विकायचं नाही. काकू म्हणाल्या, "ठराव लिहिला म्हणजे झालं का?" तेही खरंच होतं. त्या वर्षी त्यांनी झाड लावलं नाही, आणि आम्हीही त्यांना आग्रह केला नाही.

आता आमची चूक ऐका, म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्या वर्षी आम्ही जूनमध्ये टोळी गोळा केली, उन्हात खडखडीत वाळवली आणि पत्र्याच्या डब्यात भरून ठेवली. धानाची रोवणी आटोपल्यावर, ऑगस्टच्या शेवटी ती पिशव्यांत लावली. साठ पिशव्यांत फक्त तीन कोंब आले. आम्ही मातीला दोष दिला, पिशव्यांना दोष दिला. आजींनी एक टोळी फोडून दाखवली. आतला गर सुकून गेला होता. त्या म्हणाल्या, "ही घाण्यात घालायची टोळी झाली. लावायची टोळी ताजी पाहिजे."

मोहाचं बी धान किंवा तुरीसारखं साठवून राहत नाही. थोड्याच आठवड्यांत त्याची उगवण्याची ताकद जाते. म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही असं केलं.

आधी झाड निवडलं. जे झाड दरसाल भरपूर आणि गोड फूल देतं, त्याच्याच खाली पडलेली पिकलेली फळं उचलली. गर काढून बी धुतलं, एक दिवस सावलीत ठेवलं आणि त्याच आठवड्यात लावलं. पिशवी उंच घेतली, कारण मोहाचं मूळ सरळ खाली धावतं. आखूड पिशवीत ते गोल वळतं आणि मग झाड जोम धरत नाही. माती, शेणखत आणि थोडी रेती मिसळून पिशवी भरली. बी बोटाच्या एका पेराएवढंच खोल टाकलं. उंदीर बी उकरून नेतात, म्हणून वर काट्या पसरल्या. पंधरा दिवसांपासून महिन्याभरात कोंब दिसले. यावेळी साठातले चाळीसच्या वर आले.

रोप वर्षभर पिशवीत सांभाळलं आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला वाडीत लावलं. ज्यांना रोपाचा खटाटोप नको, त्यांनी ताजं बी थेट खड्ड्यात लावलं तरी चालतं. एका खड्ड्यात दोन-तीन बिया टाका आणि पुढे जोमदार असेल ते एकच रोप ठेवा. असं झाड मूळ न हलल्यामुळे चांगलं धरतं.

जागा मात्र विचार करून निवडा. आज रोप वीतभर असतं, पण उद्या त्याचा घेर पूर्ण अंगण झाकतो. घरापासून निदान तीस फूट लांब लावा. वरून विजेची तार जात असेल, तर ती जागा सोडा. दोन झाडांतही तीस फूट अंतर ठेवा. मोहाला पूर्ण ऊन लागतं, मोठ्या झाडाच्या सावलीत तो वाढत नाही. पाणी साचतं अशा खोलगट जागी लावू नका. धुऱ्यावर लावायचा असेल, तर शेजाऱ्याशी आधी बोलून घ्या. सावली त्याच्या धानावर पडणार आहे. आणि एक लक्षात ठेवा. महाराष्ट्रात मोह तोडायला परवानगी लागते, मग तो आपल्या स्वतःच्या जागेत असला तरी. म्हणून नंतर तोडावा लागेल अशा ठिकाणी लावूच नका.

खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असावा. तो उन्हाळ्यातच खणून तापू द्या. लावताना दोन टोपल्या चांगलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळा. कच्चं शेण घातलं तर वाळवी लागते. पिशवी कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. मग शेळ्यांसाठी कुंपण करा. आम्ही बोरीच्या काट्यांचं केलं. शेळीनं शेंडा खाल्ला की झाडाचं वर्ष वाया जातं.

पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावं लागतं. आमच्याकडे पाणी कमी, म्हणून आम्ही रोपापासून हातभर अंतरावर एक जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. आठवड्यातून दोनदा ते भरायचं आणि तोंडावर झाकणी ठेवायची. पाणी हळूहळू झिरपतं. बुडाशी पालापाचोळा घातला, तर ओल टिकते. एकदा मूळ खोल गेलं, की मोहाला तुमच्या पाण्याची गरज नाही.

वाट मात्र पाहावी लागते. बियांपासूनचा मोह फुलायला आठ-दहा वर्षं, कधी जास्तही लागतात. आणि खरं भरघोस फूल त्याच्याही पुढे येतं. इथेच आमच्या घराघरांत वाद झाले. एका मैत्रिणीचे मालक म्हणाले, "त्यापेक्षा साग लाव, विकून पैसे तरी येतील." तिनं उत्तर दिलं, "साग एकदाच पैसे देईल, अन् तेही तुमच्या हातात. मोह दरसाल देईल, अन् वेचणार मीच आहे." सासरे हसले आणि स्वतः खड्डा खणायला गेले.

जमीन बहुतेकींच्या नावावर नाही, हे आपल्याला माहीत आहे. वाटणीत जुनी मोहाची झाडंसुद्धा भावाभावांत वाटली जातात आणि घरातल्या बाईला कुणी विचारत नाही. म्हणून आम्ही गटाच्या वहीत प्रत्येक झाडाची नोंद केली. कुणी लावलं, कधी लावलं, कुठल्या झाडाची टोळी होती, हे सगळं लिहिलं. ही नोंद कायद्याची नाही. पण उद्या सून-मुलगी विचारेल, तेव्हा झाड कुणाच्या हातचं हे लिहिलेलं सापडेल.

मैत्रिणींनो, झाडं लहान आहेत तोवर एक सवय आत्ताच बदलू या. फूल दिसावं म्हणून आपण झाडाखालचा पाला पेटवतो. त्या आगीत मोहाची लहान रोपं जळतात, म्हणून जुन्या झाडांखाली नवं झाड दिसत नाही. आग जंगलात गेली, तर आणखी नुकसान. त्याऐवजी पाला झाडून घ्या, खाली जुन्या साड्या जोडून किंवा जाळी पसरा. फूलही मातीशिवाय, स्वच्छ मिळतं. असं फूल खाण्यासाठी चांगलं राहतं.

आज आमच्या गटाची सत्तावीस झाडं जगली आहेत. सगळ्यांत मोठं आमच्या कंबरेएवढं आहे. नव्या घराच्या वहिनींनी दोन लावली आहेत, आणि फोटो दाखवायला आता त्या स्वतःच्या वाडीचाच काढतात.

आणि काकू? यंदा जूनमध्ये त्या आजींच्या झाडाखाली टोळी वेचताना दिसल्या. आम्ही काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "माझी आई टोळीच्या तेलाचा दिवा लावायची. मी तेलासाठी लावते. फूल पडलं तर बैलाला घालीन." आम्ही वहीत त्यांचं नाव लिहिलं. दारूचा प्रश्न मिटला असं आम्ही म्हणणार नाही. फूल यायला दहा वर्षं आहेत, तोवर गटालाही तेवढंच जागं राहावं लागेल.

येत्या जूनमध्ये तुमच्या गावातल्या मोहाखाली टोळी पडेल. त्यातल्या चार ताज्या टोळी घाण्यात न घालता मातीत घाला. आणि लावल्यावर गटाच्या वहीत स्वतःचं नाव लिहायला विसरू नका.