घाटांतली जीप आणि तिचीं दंतचक्रें



मोटारीच्या आंसांतील दंतचक्रें हा मिस्त्रीचा प्रांत. त्यांत निवृत्त शाळामास्तराचें काय काम, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटेल. पण या चक्रांची निवड म्हणजे शुद्ध त्रैराशिक आहे, आणि तें चुकलें तर त्याचें फळ घाटाच्या उतारावर भोगावें लागतें. आमच्या ठाणें जिल्ह्यांत शहापूर-मुरबाडच्या बाजूस जुन्या जीपगाड्या घेऊन डोंगरवाटा तुडविणारे तरुण दिसतात. त्यांच्यासाठीं, आणि घरीं त्यांची वाट पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठीं, हे चार शब्द आहेत.

इंजिनाची शक्ति एका लांब दांड्यानें आंसापर्यंत येते. तेथें एक लहान दंतचक्र एका मोठ्या चक्रास फिरवितें. मिस्त्री लहानास पिनियन व मोठ्यास क्राऊन म्हणतात. दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीपच्या क्राऊनला ३९ दांते असत व पिनियनला ८. भागाकार केला कीं सुमारें ४.८८ येतात. म्हणजे दांडा ४.८८ वेळां फिरावा, तेव्हां चाक एकदां फिरतें. वेग ज्या पटीनें घटतो, त्याच पटीनें जोर वाढतो; घर्षणांत जाईल तेवढा मात्र वजा. पुढें १९५३ सालीं निघालेल्या सीजे-३बी जीपमध्यें हेच दांते ४३ आणि ८ झाले. प्रमाण सुमारें ५.३८. या विलीज घराण्यांतील गाड्यांची जोडणी मुंबईच्या महिंद्र अँड महंमद कंपनीनें १९४७ सालीं सुरू केली. १९४८ सालीं त्याच कंपनीचें नांव महिंद्र अँड महिंद्र झालें.

आतां चक्रें बदलण्याची गरज कां पडते तें पाहूं. खडकांवरून गाडी उंच चालावी म्हणून हौशी लोक मोठे टायर बसवितात. समजा, टायरचा व्यास २८ इंचांवरून ३१ इंच झाला. चाकाच्या एका फेऱ्यांत गाडी आतां अधिक अंतर कापते, म्हणून इंजिनावरचा भार वाढतो आणि चढावर तें दमूं लागतें. पूर्वींची स्थिति परत आणावयाची तर ४.८८ ला ३१ नें गुणावें व २८ नें भागावें. उत्तर सुमारें ५.४० येतें. मिळण्याजोग्या जोड्यांत ५.३८ त्याच्या अगदीं जवळची. अशी जोडी बसविली कीं, दांड्याच्या फेऱ्यांवर चालणारें वेगदर्शक यंत्रहि पुन्हां जवळजवळ खरें बोलूं लागतें.

चढाचा भार किती, हें कसाऱ्याच्या रेल्वेघाटावरून ध्यानांत येईल. तेथील चढ ३७ फुटांस १ फूट आहे. हजार किलो वजनाच्या गाडीस तो सुमारें २७ किलोंच्या जोरानें मागें खेचील. एवढ्या चढासाठीं आगगाडीस कसाऱ्यास जादा इंजिनें लावावीं लागतात! डोंगरवाटेवर ४ फुटांस १ फूट चढ आला, तर हाच जोर सुमारें २४० किलो होतो, आणि जीपला तर मदतीचें इंजिन नाहीं. उतरतांना धोका याहून मोठा. चक्रांचें प्रमाण कमी पडलें कीं इंजिन गाडीस पुरेसें अडवीत नाहीं, सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. उलट प्रमाण वाजवीपेक्षां अधिक घेतलें, तर सपाट रस्त्यावर इंजिन फुकट किंचाळतें आणि तेल पितें.

चारी चाकांस शक्ति पुरविणाऱ्या गाडींत पुढच्या व मागच्या आंसाचें प्रमाण एकच हवें. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं खर्च वांचविण्यासाठीं मागच्याच आंसाचीं चक्रें बदलून घेतलीं. चिखलांत चाकें घसरत, म्हणून विरोध जाणवला नाहीं. डांबरी रस्त्यावर चारी चाकें जोडतांच पुढचा आंस एका गतीनें व मागचा दुसऱ्या गतीनें ओढूं लागला, आणि दांड्याचा सांधा तुटला. जुन्या गाडीचा आंस मध्यंतरीं कोणीं बदललाहि असेल. म्हणून कागदावर न विसंबतां दोन्हींकडील दांते उघडून मोजावे.

क्राऊन व पिनियन हीं कारखान्यांत एकमेकांवर घासून जुळविलेलीं असतात. म्हणून जोडी मोडूं नये. बसवितांना तीन गोष्टी साधाव्या लागतात: पिनियनची खोली, बेअरिंगवरील ताण आणि दांत्यांतील मोकळीक. खोली पातळ चकत्या घालून साधतात. त्यांस शिम म्हणतात. मोकळीक साधारणतः इंचाचे ५ ते ८ सहस्रांश असते. तरी निर्मात्याच्या पुस्तिकेंतील आंकडाच प्रमाण मानावा. मग दांत्यांस रंग लावून चक्र फिरवितात. पूर्वीं तेलांत कालविलेला शेंदूर लावीत. आतां तयार रंग मिळतो. ठसा दांत्याच्या मध्यावर उमटला पाहिजे. मुळाशीं उमटला तर पिनियन फार आंत गेलें आहे. टोकाशीं उमटला तर बाहेर राहिलें आहे. मग पुन्हां खोलावें, चकती बदलावी, पुन्हां पाहावें. येथें कंटाळणाऱ्या मिस्त्रीची चक्रें लवकरच रडूं लागतात.

या दांत्यांची एकमेकांवर घसट जबर असते, म्हणून त्यांस ठरवून दिलेलें जाड दाबाचें तेलच घालावें. पहिल्या दिवशीं वीसेक किलोमीटर हळू चालवून गाडी पूर्ण थंड होऊं द्यावी. असें दोनतीनदां करावें. पहिल्या ८०० किलोमीटरांनंतर तेल बदलावें, म्हणजे झिजेचा धातूचा चुरा निघून जातो.

शेवटीं कायद्याची गोष्ट. नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं जुळेनासा होईल, असा फेरबदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नें मनाई आहे. तेव्हां टायरचा आकार बदलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारणा करावी. मिस्त्रीच्या हातीं गाडी देतांना त्यास तीन प्रश्न अवश्य विचारावे: दोन्ही आंस बदलणार ना? जोडी जुळलेली आहे ना? आणि रंगाचा ठसा मला दाखविणार ना? तिन्ही उत्तरें होकारार्थी आलीं, तरच मुलाला माळशेजच्या वाटेनें जाऊं द्यावें.