आडात नाही तर...

श्रोतेहो, आपल्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो, चौकशी नंतर. पाण्याला नाही म्हणणे मराठवाड्यात कुणाला शोभत नसे. पण २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला पाणी भरण्याच्या ठिकाणी मार्चमध्ये जमावबंदीचे १४४ कलम लागले. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर.

पाऊस कमी झाला होता, हे खरेच. पण कमी पावसाच्या या मुलखात उसाचे फड वाढवले ते आपणच. आड आटले तेव्हा बोअर घेतले. एक कोरडे गेले की दुसरे, आणखी खोल. जमिनीच्या पोटातल्या पाण्याला बांध नसतो, हे विसरलो.

मग त्या जमिनीनेही आपल्याला बदलले. आडावर शेजारणी भेटत, भांडत, एकमेकींचे सुखदुःख ऐकत. अर्थात तिथे सर्वांना जागा नव्हती. म्हणून तर १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. आज बोअर ज्याच्या त्याच्या कुंपणात आणि टँकर आला की ओळखीचे लोकही आधी नंबर बघतात.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. छपरावरचे पाणी जमिनीत मुरवले, उसाऐवजी थोडी तूर-ज्वारी पेरली, तर आडात काही उरेल. पाहुण्यापुढे तांब्या करताना मग हात आखडणार नाही.